निरोप आला, पण कोणत्या वाटेने?

आज मी आपल्याशी एका अगदी रोजच्या त्रासाविषयी बोलणार आहे. नको असलेले फोन आणि नको असलेले संदेश, हा तो त्रास. घरोघरी तो आहेच. पण आज मला घरापेक्षा संस्थांविषयी अधिक बोलावयाचे आहे. शाळा, ग्रामपंचायत, दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था, साखर कारखान्याचे गट कार्यालय, अशा संस्थांवर आपल्या बारामती-इंदापूर भागाचा सारा संसार उभा आहे. सांगवीसारखे एखादे गाव घ्या. दुधाचा हिशेब, उसाची नोंद, पिकाचे कर्ज, मुलांची शिष्यवृत्ती, यांपैकी एकही गोष्ट कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या टेबलावरून गेल्यावाचून पुरी होत नाही. आणि त्या टेबलावर आज एक मोबाईल पडलेला असतो. तो दिवसभर वाजत असतो. वाजणाऱ्या त्या फोनापैकी कामाचे किती, निरर्थक किती आणि घातक किती, हे ओळखावयाचे कसे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पूर्वी हा प्रश्न कोणाला पडत नसे. निरोप येण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या. गावकामाचा निरोप कोतवाल दवंडी पिटून सांगे. पत्र पोस्टमन आणी. तार आली, की घरात क्षणभर कोणाच्या तोंडून शब्द फुटत नसे. निरोप गोड असो की कडू, तो आणणारा माणूस ओळखीचा असे, आणि म्हणून निरोपावरही विश्वास बसे. आता तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यात बंद झाली, आणि निरोप आणणारा माणूसही मधून निघून गेला. निरोप तेवढा उरला. तो एकदम आपल्या खिशात येऊन पडतो, आणि तो कोणी कोठून टाकला हे सांगावयास दारात कोणी उभे नसते.

या आगंतुक संदेशांना इंग्रजीत 'स्पॅम' म्हणतात. हे मूळचे डब्यात भरून विकल्या जाणाऱ्या मांसाचे नाव. अमेरिकेतील एका कंपनीने १९३७ साली ते बाजारात आणले. पुढे १९७० साली ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवर एक विनोदी नाट्यप्रवेश झाला. त्यात एका उपाहारगृहात गिऱ्हाईक काहीही मागो, प्रत्येक पदार्थात हे 'स्पॅम' असावयाचेच! नको म्हटले तरी पानात पडणारा पदार्थ, म्हणून नको असलेल्या संदेशाला पुढे हेच नाव चिकटले. पण खोड नावाहून जुनी आहे. १८६४ साली लंडनमधील काही बड्या मंडळींच्या घरी तार आली. काय अशुभ वार्ता आहे म्हणून त्यांनी घाईघाईने ती उघडली, तो आत एका दंतवैद्याच्या दवाखान्याची वेळ छापलेली! त्यांपैकी एकाने संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिले. संगणकावरील अशा जाहिरातीची सुरुवात १९७८ सालची मानतात. एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने आपल्या मालाची जाहिरात एकाच वेळी सुमारे चारशे लोकांना पाठविली होती.

चारशे हा आकडा आज आपल्याला हसू आणील. पण तो का वाढला हे समजून घेतले पाहिजे, कारण रोगाचे मूळ तेथे आहे. तारेचे पैसे शब्दागणिक मोजावे लागत, आणि ते पाठविणाऱ्याच्या खिशातून जात. म्हणून माणूस एकेक शब्द तोलून लिही. आता एकाला संदेश पाठविणे आणि लाखाला पाठविणे यांत खर्चाचा फारसा फरक राहिलेला नाही. लाखातल्या दहा जणांनी जरी गळ गिळला तरी पाठविणाऱ्याचे साधते. उरलेल्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वद जणांचा वेळ गेला, लक्ष उडाले, त्याचा हिशेब तो ठेवीत नाही. पाठविणाऱ्याला फुकट आणि घेणाऱ्याला महाग, असा हा उफराटा व्यवहार आहे.

आता संस्थेलाच याचा जाच अधिक का, ते पाहू. पहिले कारण असे, की संस्थेचा क्रमांक लपलेला नसतो. तो फलकावर असतो, पावतीवर असतो, शाळेच्या भिंतीवर रंगविलेला असतो. आणि तो तसा असावाच लागतो. दुसरे कारण, संस्थेत पैसा हलत असतो आणि तो हलविणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्या हुकुमाने हलवीत असतो. तिसरे कारण सर्वांत नाजूक आहे. हाताखालच्या माणसाला वरून आलेल्या निरोपाला 'का?' असे विचारण्याचा संकोच वाटतो. भामटा नेमका या संकोचावर जगतो.

पुण्यातीलच एक उदाहरण सांगतो. सीरम इन्स्टिट्यूट ही लस तयार करणारी जगप्रसिद्ध कंपनी. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या एका संचालकांच्या व्हॉट्सॲपवर संदेश आला. पाठविणाऱ्याने कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांचे नाव घेतले होते, आणि अमुक अमुक खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा, असे सांगितले होते. साहेबांचाच निरोप समजून पैसे गेले. रक्कम एक कोटी एक लाख रुपयांहून अधिक. मागाहून कळले की साहेबांनी असा संदेश पाठविलाच नव्हता. प्रकरण पोलिसांकडे गेले. यातून घ्यावयाचा बोध एवढाच, की तेथे शिकलेल्या माणसांची किंवा यंत्रांची वाण नव्हती. तरीही एका नावाने काम केले. मग आपल्या दूध संस्थेच्या सचिवाला कोणी अध्यक्षांच्या नावाने लिहिले, तर त्याने काय करावे?

समजा, दुपारची वेळ आहे. सचिवाच्या मोबाईलवर अध्यक्षांचा फोटो असलेल्या नव्या क्रमांकावरून संदेश येतो: "मी बैठकीत आहे, फोन करू नका. खाली दिलेल्या खात्यावर ऐंशी हजार लगेच टाका. कागदपत्र संध्याकाळी देतो." शहाणा सचिव अशा वेळी एकच करतो. अध्यक्षांचा जुना, स्वतःच्या वहीत लिहिलेला क्रमांक लावतो.

"अण्णा, पैसे टाकायचा निरोप दिला होता का तुम्ही?"

"कसला निरोप? मी तर रानात पाण्यावर हाय!"

संपले. दोन वाक्यांत ऐंशी हजार वाचले. यासाठी संगणकाचे ज्ञान लागले नाही. लागले ते एवढेच, की ज्या वाटेने निरोप आला त्या वाटेने उलट न जाता, त्याने आपल्या ओळखीच्या वाटेने जाऊन विचारले. माझ्या आजच्या बोलण्याचे सार याच एका गोष्टीत आहे. निरोपावर कोणाचे नाव आहे, कोणाचा फोटो आहे, इतकेच नव्हे तर आवाज कोणाचा आहे, यावर जाऊ नका. आज यंत्राला माणसाच्या आवाजाची नक्कल करता येते. पूर्वी खोटे संदेश मोडक्यातोडक्या मराठीवरून ओळखू येत. आता यंत्र शुद्ध मराठीही लिहिते. तेव्हा भाषेची परीक्षा आता पुरी पडत नाही. परीक्षा वाटेची करावयाची.

ओळखण्याच्या चार खुणा लक्षात ठेवाव्यात. पहिली खूण घाईची. 'आजच', 'एका तासात', 'नाहीतर खाते बंद', 'नाहीतर वीज तोडू' असे शब्द आले की आपण मुद्दाम सावकाश व्हावे. दुसरी खूण गुपिताची. 'फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका' असे जो म्हणतो, त्याचे काम सरळ नाही. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून जो प्रकार सध्या गाजतो आहे तो याच जातीचा. पोलिसांचा किंवा न्यायाधीशांचा वेश करून व्हिडिओवरून माणसाला घरातच अटकवून ठेवल्याचे भासवितात आणि पैसे उकळतात. श्रोतेहो, आपल्या कायद्यात फोनवरून अटक करण्याची तरतूदच नाही. तिसरी खूण नव्या वाटेची: नवा क्रमांक, नवे खाते, न मागितलेली लिंक, किंवा 'एपीके' नावाची फाइल. पीएम किसानचा हप्ता, वाहनाचा दंड, लग्नाची पत्रिका अशा नावांनी या फायली फिरतात. ती फाइल मोबाईलमध्ये बसविली, की आपले संदेश, म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा, परक्याला दिसू शकतात. घरात घेतलेल्या पाहुण्यानेच आतून दाराची कडी काढून द्यावी, तसे हे आहे. आणि चौथी खूण, खरा माणूस जे मागत नाही ते मागणे. बँक ओटीपी विचारीत नाही. पैसे मिळावयाचे असतील तर आपला पिन टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. एवढी एक गोष्ट घरोघर पाठ झाली तरी पुष्कळ काम होईल.

सरकारने आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला 'ट्राय' म्हणतात त्याने, काही वाटा ठरवून दिल्या आहेत. त्या आपण माहीत करून घेतल्या पाहिजेत. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक नेमले आहेत. व्यवहाराच्या आणि सेवेच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका आहे, आणि बँकांनी ती वापरावी असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. कंपन्यांकडून येणाऱ्या लेखी संदेशाच्या वर क्रमांकाऐवजी इंग्रजी अक्षरांचे नाव असते. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर येते. 'पी' असेल तर जाहिरात, 'एस' असेल तर सेवा, 'टी' असेल तर व्यवहार आणि 'जी' असेल तर सरकारी. तेव्हा साध्या दहा आकडी मोबाईल क्रमांकावरून कोणी 'आम्ही बँक' म्हणून संदेश पाठवीत असेल, तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. अर्थात फोनाचा क्रमांक योग्य दिसला म्हणूनही ओटीपी द्यावयाचा नाही. वाट ओळखीची असली तरी कुलूप आपलेच राहिले पाहिजे.

आता हा उपद्रव कमी कसा करावा? जाहिरातींसाठी १९०९ हा क्रमांक आहे. त्यावर फोन करून किंवा संदेश पाठवून जाहिराती बंद करण्याची नोंद करता येते. त्यामुळे बँकेचे कामाचे संदेश थांबत नाहीत, जाहिराती तेवढ्या थांबतात. एवढे करूनही कोणी छळू लागला, तर सात दिवसांच्या आत त्याच क्रमांकावर तक्रार करावी. २०२५ च्या सुधारित नियमांप्रमाणे नोंद न केलेल्या जाहिरातदाराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या, तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी त्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात, आणि पुन्हा केल्यास त्याच्या साऱ्या जोडण्या वर्षभरासाठी जातात. पाच तक्रारी म्हणजे काय मोठे? एका शाळेतील पाच शिक्षकांनी पाच मिनिटे दिली तर तेवढे होते. आपण चिडतो, फोन आपटतो, पण तक्रार करीत नाही. तेथेच त्याचे फावते.

पण चोर काही नोंदणी करून येत नाही. त्याच्यासाठी दुसरी व्यवस्था आहे. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर 'चक्षू' नावाच्या सोयीत तो कळवावा. ही सोय मार्च २०२४ पासून आहे. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा. चोराने ती रक्कम पुढच्या खात्यात ढकलण्यापूर्वी ती गोठविता आली तर ती वाचते. या कामी लाज फार घात करते. लोक काय म्हणतील, अध्यक्ष काय म्हणतील, या विचारात संध्याकाळ होते, आणि तोवर पैसा चार गावे हिंडून आलेला असतो. म्हणून संस्थेच्या प्रमुखाने आधीच सांगून ठेवावे: फसलात तर लगेच येऊन सांगा, रागावणार नाही. हे एक वाक्य कोणत्याही यंत्रापेक्षा उपयोगी आहे.

याखेरीज प्रत्येक संस्थेने आपल्यापुरते काही नियम कागदावर लिहून भिंतीवर लावावेत. लोकांना द्यावयाचा क्रमांक एक, आणि बँकेला जोडलेला क्रमांक वेगळा असावा; दुसरा फलकावर नसावा. पैसे पाठविण्याचा हुकूम केवळ संदेशावर किंवा फोनवर पाळला जाऊ नये. नव्या खात्यावर रक्कम जावयाची असेल तर दोघांची सही आणि जुन्या क्रमांकावरून खात्री, यांवाचून ती जाऊ नये. खुद्द अध्यक्षांनी घाई केली तरी नियम मोडू नये, आणि मोडला नाही म्हणून अध्यक्षांनी सचिवाची पाठ थोपटावी. सभासदांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या नावांच्या, आधार क्रमांकाच्या, मोबाईलच्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत. आपण सोयीसाठी टाकलेली यादी उद्या कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नाही. नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या मोबाईलला संस्थेचे खाते जोडलेले राहिले आहे काय, हेही एकदा तपासावे.

आता एक गोष्ट थोडी कटू आहे, पण सांगितली पाहिजे. आगंतुक संदेश नेहमी बाहेरूनच येतात असे नाही. आपल्या संस्थांनी काढलेल्या गटांवर पाहा. सकाळी सुविचार आणि फुले, दुपारी कोणाच्या तरी वाढदिवसाचे फलक, संध्याकाळी खरे-खोटे न पाहता पुढे ढकललेले इशारे. या साऱ्या ढिगाखाली नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाची सूचना दबून जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख दबून जाते. ऊसतोडीचा निरोप दबून जातो. मग शेतकरी म्हणतो, "गटावर रोज शंभर येतात, कोण बघतंय?" 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना शिकवितो. त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच आला होता, हे आपण विसरतो. खोट्या हाकांचे खरे नुकसान एवढेच नाही, की त्या ऐकून माणसे फसतात. त्या ऐकून ऐकून माणसे खऱ्या हाकेलाही ओ देईनाशी होतात. अनोळखी फोन उचलावयाचाच नाही असा ज्याने कंटाळून निश्चय केला, त्याला एखाद्या दिवशी दवाखान्यातून आलेला फोनही अनोळखीच असतो.

म्हणून संस्थेने आपला निरोप ओळखू येईल असा ठेवावा. सूचना एकाच क्रमांकावरून, ठरलेल्या वेळी आणि कामापुरतीच जावी. तीत लिंक शक्यतो नसावी. 'कार्यालयात येऊन विचारा' एवढे पुरे. तीच सूचना फलकावरही लागावी, म्हणजे शंका आली तर सभासदाला पडताळून पाहता येईल. गटावर सूचनाच याव्यात, शुभेच्छा समोरासमोर द्याव्यात. शुभेच्छा तोंडाने दिल्या तर गोडही अधिक लागतात.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपल्या खेड्यांत पुष्कळ घरी मोबाईल आजोबांचा असतो आणि तो वाचून दाखवितो नातू. तो नातू आपल्या वर्गात बसलेला असतो. महिन्यातून एक तास त्याच्यासाठी काढा. फळ्यावर एक खरा संदेश लिहा, एक खोटा लिहा, आणि मुलांना विचारा: यात घाई कोठे आहे? गुपित कोठे आहे? हा कोणत्या वाटेने आला? खात्री करावयाची तर कोणाला विचाराल? चार खुणा मुलांना खेळता खेळता पाठ होतील. त्याच संध्याकाळी त्या घरी पोहोचतील, आणि हप्ता जमा झाल्याची फाइल उघडावयास निघालेल्या आजोबांचा हात नातू धरील: "थांबा आजोबा, आधी सोसायटीत विचारून येतो."

सोसायटी गावातच असते. चालत गेले तर दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे खर्च करण्याची सवय आपल्या संस्थांना, आणि आपल्या घरांना, लागली पाहिजे.